ऊसतोडीच्या गावातली मंडळी आणि निवृत्त जोडपे : एक प्रकरण अभ्यास

निवृत्तीनंतर वर्ष-दीड वर्ष एखाद्या खेड्यातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या समुदायात, जाऊन सेवा करावी असे वाटणारी जोडपी अधूनमधून आमच्याकडे चौकशीला येतात. मुले मार्गी लागलेली असतात, पेन्शन चालू असते, हातीपायी धड असतात आणि मनात तळमळ असते. अशांसाठी हे लिहिले आहे. गाव, मंडळी आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या जोडप्याला पाठवणाऱ्या शहरातल्या मंडळीच्या समितीत मी होतो. त्यांचे फोन माझ्याकडे यायचे आणि गावीही माझे जाणे होत असे.

पार्श्वभूमी

गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, बीडच्या सीमेजवळचे. पाऊस बेभरवशाचा. बाजरी, तूर, थोडी कपाशी. दसरा-दिवाळी झाली की अर्धे गाव कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते.

मंडळी सतरा घरांची. त्यातली अकरा घरे तोडीला जाणारी. दगडी भिंतींचे, पत्र्याचे छोटे चर्च, शेजारी मिशनच्या जुन्या शाळेची एक खोली. तिला अजूनही 'मास्तरची खोली' म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि नगरला १८३१ साली सुरू झाले. १८७६-७८च्या दुष्काळानंतर या भागातल्या बऱ्याच खेड्यांत अशा लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. रीत अशी होती की मिशन एक मास्तर नेमी. तो आठवडाभर पोरांना शिकवी, रविवारी उपासना चालवी, कुणाचा कागद लिहून देई, भांडणात मध्यस्थी करी आणि मिशनकडून पगार घेई. मिशनची शाळा बंद पडून कित्येक वर्षे झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा मंडळी त्यात आली. आता पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, अशी बरीच गावे आहेत. ते महिन्यातून एकदा प्रभूभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरसाच्या) विधीला येतात. बाकीचे रविवार गावाचे गावानेच निभवायचे.

ते निभवत होते अण्णा. वय सत्तरीच्या आसपास, गुडघे दुखतात म्हणून तोडीला जाणे सोडलेले, शाळा चौथीपर्यंत. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असे. ढोलकी त्यांची, टाळ धरायला त्यांच्या घरच्या बाया, आणि संदेश म्हणजे शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचून त्यावर सांगितलेल्या चार गोष्टी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर नगरला राहून जी भजने, अभंग रचले, ते इथे पुस्तक न उघडता म्हटले जातात. पुस्तकात नसलेलीही काही पदे आहेत. ती कुणी केली हे गावात कुणाला सांगता येत नाही.

जोडपे पुण्याचे. ते माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, त्या मिशन रुग्णालयात आयुष्य काढलेल्या परिचारिका. गावाने दोन दिवसांत त्यांची नावे ठरवून टाकली: सर आणि सिस्टर. मुदत अठरा महिने, जूनपासून. खर्च त्यांच्या पेन्शनीतून. खोलीची डागडुजी आणि प्रवास आमच्या मंडळीकडून. समितीच्या पत्रात काम लिहिले होते: 'उपासना, शब्बाथशाळा व मंडळीची उभारणी.' शब्बाथशाळा म्हणजे मुलांचा रविवारचा बायबल वर्ग. पत्र सरांच्या नावाने होते. सिस्टरांचा उल्लेख 'सपत्नीक' या एका शब्दात.

प्रश्न कसा उभा राहिला

पहिले दोन महिने सगळे छान चालले. रविवारी चर्च भरू लागले. सरांचा संदेश मुद्देसूद असे, पोरांना शास्त्रपाठाची बक्षिसे मिळू लागली, सिस्टर रोज संध्याकाळी घरोघर जात. आम्ही शहरातून एक कीबोर्ड पाठवला. त्यात तबल्याचा ठेका आपोआप वाजतो. सर चांगले वाजवत. दोन कॉलेजची पोरे त्यांच्याजवळ बसून शिकू लागली. किल्लीही सोयीसाठी सरांकडे आली, कारण ते चर्चच्या भिंतीला लागूनच राहात होते. वर्गणीची वही त्यांनी नीट आखून घेतली.

ऑगस्टच्या अखेरीस अण्णा यायचे बंद झाले. आधी पाय दुखतोय म्हणाले, मग पाहुणे आलेत म्हणाले. त्यांच्या घरच्या बाया, मग भावकीतली दोन घरे. चर्च तरीही भरलेले दिसे, कारण इतर लोक येतच होते. सर मला फोनवर म्हणाले, "म्हातारपणी माणूस जरा हळवा होतो. येतील."

खरे काय ते सिस्टरांना पाण्याच्या टाकीपाशी कळले. अण्णांच्या सुनेने सांगितले की ते रागावलेले नाहीत. घरी बसून रविवारच्या वेळेला एकटेच भजन म्हणतात. "ढोलकीला जागा न्हाई राहिली, मग मी जाऊन काय करू, म्हणत्यात."

हे ऐकून सिस्टरांना रात्री झोप लागली नाही, असे त्या मला नंतर म्हणाल्या. एका माणसाचे मन दुखावले एवढ्यापुरते त्यांनी ते पाहिले नाही. अठरा महिन्यांनी आपण गेलो की या चर्चचे दार उघडणार कोण, हा प्रश्न त्यांना त्या रात्री पडला.

मला वाटते यात सरांचा स्वभाव कारण नव्हता. गावाच्या आठवणीत एक जागा रिकामी होती, मास्तरची. शिकलेला, बाहेरून आलेला, त्याच खोलीत राहणारा माणूस दिसताच लोकांनी त्याला त्या जागेवर बसवले, आणि मास्तर आला की गावाने फक्त ऐकायचे असते ही जुनी सवयही सोबत परत आली. सरांना मिशनचा पगार आहे, अशी निम्म्या गावाची समजूत होती. त्यामुळे उसने पैसे मागायला येणारेही होते.

कोणते पर्याय होते

चार वाटा बोलल्या गेल्या. पहिली, आहे तसे चालू द्यायचे. तरुण पोरे पहिल्यांदाच चर्चमध्ये टिकत होती, ती का गमवायची? सरांचा कल इकडे होता, आणि त्यांच्या म्हणण्यात वजन होते. दुसरी, पाळकसाहेबांना मध्ये घालून अण्णांची समजूत काढायची. तिसरी, सरांनी उपासना चालवणे पूर्ण थांबवायचे. सिस्टर याच मताच्या होत्या. चौथी वाट पाळकसाहेबांनीच सुचवली: अण्णांना मानाने मंडळीचे पंच करावे, वर्षातून एकदा शाल द्यावी.

शालीची कल्पना सिस्टरांनी तिथल्या तिथे बाजूला ठेवली. "शाल दिली की माणूस निवृत्त होतो," त्या म्हणाल्या. मला हे वाक्य अनेकदा आठवते. आमच्याकडे ज्येष्ठांचा सत्कार करून त्यांचे काम काढून घेण्याची पद्धत फार आहे.

नवरा-बायकोत यावर आठवडाभर मतभेद होते, आणि तेही त्या एका खोलीत. हे मुद्दाम लिहितो. जोडपे म्हणून सेवेला जाताना आपण एकमेकांशी कुठे भांडणार आहोत, याचा विचार घरून करून निघावा. गावात पत्र्याच्या खोलीतले बोलणे बाहेर ऐकू जाते.

काय केले

शेवटी ठरले ते असे. सरांनी महिन्यातून एकच रविवार घ्यायचा. बाकीच्या रविवारांना घरांची पाळी: ज्या घराची पाळी त्यांनी शास्त्र वाचायचे, प्रार्थना करायची, आणि बोलायचे असेल तर बोलायचे. वाचता येत नसेल त्या घरच्या शाळेतल्या पोराने वाचायचे. कीबोर्ड रविवारी बंद. शनिवारी संध्याकाळी पोरांच्या सरावाला. किल्ली परत अण्णांकडे.

पण अण्णा नुसत्या निरोपाने आले नसते. किल्ली द्यायला गेलेल्या सरांना त्यांनी चहा पाजला आणि किल्ली कोनाड्यात ठेवून दिली. रविवारी दार उघडायला नातवाला पाठवले. वळण लागले ते सिस्टरांमुळे. त्या वही घेऊन अण्णांच्या घरी जाऊ लागल्या आणि म्हणाल्या, "मला पुस्तकाबाहेरची पदं लिहून घ्यायची आहेत. चाली शिकवाल का?" अण्णांची बायको सांगायची, अण्णा चाल धरायचे. सिस्टरांचा ठेका चुकायचा, आणि अण्णा थांबवून पुन्हा म्हणायला लावायचे. तीनेक आठवड्यांनी अण्णा ढोलकी घेऊन चर्चमध्ये आले. कुणी काही बोलले नाही, उपासना झाली.

याची किंमतही मोजावी लागली. कीबोर्ड शिकणाऱ्या दोघांपैकी एकाने रविवारी येणे सोडले, तो मुदत संपेपर्यंत परतला नाही. सरांना ते लागले. पाळीचे पहिले काही रविवार अवघडल्यासारखे गेले. एका घराने पाळीच्या दिवशी कुलूप लावून बाहेरगावी जाणे पत्करले.

पैशांबाबत दोघांनी एकच नियम केला: उसने द्यायचे नाहीत, पण दवाखान्याची गाडी करायची वेळ आली तर भाडे द्यायचे आणि ते परत मागायचे नाही. हा नियम टिकला.

सिस्टरांकडे लोक बीपी मोजायला येत, मग इंजेक्शन मागत, मग सलाईन. त्यांनी बीपीच्या पुढे पाऊल टाकले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सोबत जात आणि आशाताईंना हाताशी धरत. तोडीला निघण्याआधी एका तिशीच्या बाईने गर्भपिशवी काढायचे ठरवले होते, कारण हंगामात पाळीचा त्रास आणि खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातला हा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि सरकारने चौकशी समिती नेमली, ते अनेकांना आठवत असेल. सिस्टर तिला सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. औषधाने भागेल असे निघाले. समितीने लिहिलेल्या 'सपत्नीक' या शब्दात हे काम कुठे बसते, हे मला अजून सांगता येत नाही.

नोंदवहीचा प्रसंग

सरांना मंडळीची सभासद-नोंद अद्ययावत करायची होती. नावे, जन्मतारखा, बाप्तिस्म्याच्या तारखा. मुख्याध्यापकाला असे वाटणे साहजिक आहे. लोक टाळू लागले. एकाने स्पष्ट सांगितले, "सर, प्रार्थनेला आम्ही हाओत. पण नाव कागदावर नको."

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला, काही मोजक्या शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये येणाऱ्या घरांतल्या पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर काही वेगळेच लिहिलेले असते, आणि त्या दाखल्यावर शिष्यवृत्ती, नोकरी, घरकुल अवलंबून असते. सरांनी आयुष्यभर असे दाखले दिले होते. त्यांनी वही मिटली आणि पाळकसाहेबांना कळवले की ही नोंद आपण करणार नाही. समितीतल्या काहींना हा भित्रेपणा वाटला. मला तो शहाणपणा वाटला. अठरा महिन्यांसाठी आलेल्या माणसाने गावाच्या गळ्यात आयुष्यभराचा प्रश्न बांधू नये.

नाताळ

नोव्हेंबरात गाव रिकामे झाले. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, चुलीसाठी पत्रे, लहान पोरे, शेळ्या. रविवारी चर्चमध्ये उरले म्हातारी माणसे आणि त्यांच्याकडे ठेवलेली काही नातवंडे, मिळून दहा-बारा. सिस्टरांच्या भेटींच्या यादीतली बहुतेक दारे कुलूपबंद.

नाताळ कसा करायचा? गावात उरलेल्यांबरोबर साधा करायचा, हे सर्वांत सोपे होते. तोडीवरच्या लोकांना दोन दिवस बोलवायचे हे शक्यच नव्हते. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, थांबला की उचल फिटत नाही आणि मुकादम सोडत नाही. पाडव्यानंतर सगळे परतल्यावर ईस्टरच्या सुमाराला मोठा सण करायचा, ही पाळकसाहेबांची सूचना, कारण २५ डिसेंबरला त्यांना आधीच चार गावे होती. आणि शेवटचा पर्याय, आपणच कारखान्यावर जायचे.

हा पर्याय अण्णांनी काढला. ते स्वतः कितीतरी नाताळ कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, काढून आलेले होते. "तिथं कोण येत न्हाई," एवढेच ते म्हणाले.

सर बिचकत होते. अनोळखी ठिकाणी, मिश्र टोळीत जाऊन उपासना केली तर त्याचा भलताच अर्थ काढला जाईल, ही भीती आजच्या दिवसांत खोटी नाही. म्हणून आधी मुकादमाला भेटून सांगितले: आमच्या गावची माणसे आहेत, एक तास भजन आणि प्रार्थना, पत्रके नाहीत, भाषण नाही, आणि कुणाचे काम अडणार नाही. मुकादम म्हणाला, "भजनच ना? मग या की."

२३ डिसेंबरच्या संध्याकाळी ते पोचले: सर, सिस्टर, अण्णा, त्यांची बायको, ढोलकी, टाळ, आणि म्हाताऱ्यांनी लेकासुनांसाठी दिलेल्या करंज्यांचे डबे. ओळीने कोप्या, मध्ये मोकळी जागा, एक बल्ब. माणसे पहाटे अंधारात फडात जातात आणि दिवस मावळल्यावर येतात. बाया भाकरी थापता थापताच गाऊ लागल्या. दुसरे पद चालू असताना ट्रॅक्टर आला. मोळ्या भरायच्या होत्या. पुरुष उठले, पाठोपाठ बायाही उठल्या. सर हातात शास्त्र घेऊन उभे राहिले, वाचावे की थांबावे कळेना. अण्णांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. "गाडी भरू द्या, सर. मग पुढं म्हणू."

गाडी भरायला बराच वेळ गेला. सिस्टर तोवर पोरांजवळ बसल्या. रात्री उशिरा लोक परत आले, हातपाय धुऊन बसले, आणि राहिलेले पद जिथे थांबले होते तिथून सुरू झाले. टोळीतली इतर घरेही येऊन बसली, त्यांच्यातल्या एकाने टाळ घेतले. लूकच्या दुसऱ्या अध्यायातला मेंढपाळांचा भाग अण्णांच्या सातवीतल्या नातीने वाचला, रात्री रानात राहून आपले कळप राखणाऱ्यांचा. सरांनी त्यावर संदेश तयार करून आणला होता. तो त्यांनी दिला नाही. बसलेल्या माणसांकडे बघून वाटले की आणखी सांगण्यासारखे काही उरलेले नाही, असे ते मला म्हणाले.

२५ला सकाळी गावात म्हाताऱ्यांबरोबर नाताळ झाला. तिथे पहिल्यांदा सगळ्यांना आपापल्या लेकरांची खबर ऐकायची होती. उपासना त्यानंतर.

कारखान्यावरून सर एक दुसरी गोष्ट घेऊन आले: कोपीजवळ दिवसभर बसलेल्या, शाळा सुटलेल्या पोरांची यादी. ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावातच ठेवून जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना सरकारी शाळांमार्फत चालते. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांबरोबर बसून सरांनी दुसऱ्या हंगामासाठी अर्ज, याद्या, पालकांच्या सह्या हे सगळे काम उचलले. इथे त्यांचा मुख्याध्यापकपणा कुणाची जागा न घेता कामी आला.

परिणाम

जोडपे नोव्हेंबरअखेर परतले. दुसऱ्या हंगामात चार घरांनी पोरे गावात ठेवली. पाळी अजून चालू आहे. कधी खंड पडतो, पुन्हा सुरू होते. दुसऱ्या वर्षीचा कारखान्यावरचा नाताळ अण्णा आणि पाळीतल्या दोन घरांनी स्वतः केला, आम्ही फक्त गाडीभाडे दिले. शब्बाथशाळा बारावीतल्या दोन मुलींकडे सोपवली होती. एकीचे लग्न झाले, आणि आता शाळा महिन्यातून एखाद्या वेळी भरते. वर्गणीच्या वहीवरून जुना वाद पुन्हा निघाला आहे. सिस्टरांनी लिहून घेतलेल्या पदांची वही झेरॉक्स करून गावात दोन प्रती ठेवल्या आहेत.

सरांची साखर त्या दीड वर्षात वाढली. पथ्याचे जेवण, वेळेवर तपासणी या गोष्टी तिथे अवघड होत्या.

वेगळे काय करता आले असते

जून ही सुरुवातीची चुकीची वेळ होती. शाळेच्या वर्षावरून समितीने ती ठरवली. पाडव्यानंतर लगेच पाठवले असते तर सगळी घरे गावात असताना सहा-सात महिने मिळाले असते, आणि कोण काय करते हे बघायला वेळ मिळाला असता. पहिले दोन महिने सरांनी नुसते मागच्या सतरंजीवर बसून उपासना ऐकायला हवी होती, असे आता त्यांचेही मत आहे.

कीबोर्ड पाठवण्याआधी तिथे काय वाजते हे एका फोनवर विचारता आले असते.

पत्रात दोघांची नावे आणि दोघांची कामे हवीत. मधे मुलीच्या बाळंतपणासाठी सिस्टर दोन महिने पुण्याला होत्या. त्या काळात सरांकडे एकही बाई अडचण घेऊन आली नाही. खर्चाच्या तरतुदीत सिस्टरांचा प्रवास नव्हता. तो त्यांनी स्वतः केला. पुढच्या कुठल्याही जोडप्याला पाठवताना दोघांची वैद्यकीय तपासणी, दर तीन महिन्यांनी घरी जायची मोकळीक आणि त्याचा खर्च आधीच लिहून द्यावा.

याच गावात दुसरे जोडपे पाठवावे का, यावर समितीत एकमत नाही. मंडळीची मागणी आहे, आणि एक निवृत्त दांपत्य तयारही आहे. माझे मत निदान दोन हंगाम पाठवू नये असे आहे. तेवढ्या पैशांत पाळकसाहेबांच्या मोटारसायकलचे पेट्रोल, महिन्याला एक जादा रविवार आणि डिसेंबरात कारखान्यावर जाणारी गाडी भागते. तयार असलेल्या दांपत्याला शेजारच्या तालुक्यातल्या अशा एका गावी पाठवावे, जिथे सध्या चर्चची किल्ली कुणाकडेच नाही. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे.